पियानो वाहणारा धुरीण

गेल्या महिन्यांत आमचा धाकटा नातू शाळेच्या संघाचा नायक झाला आणि त्याच दिवसापासून त्यानें जेवणानंतर स्वतःचें ताट उचलणें सोडून दिलें. नायकानें ताट उचलावें कीं नाहीं, हा वाद घरांतील मंडळींनीं आमच्यापुढें आणला. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. तेव्हां प्रथम त्यास 'धुरीण' या शब्दाची फोड सांगितली. 'धुर्' म्हणजे जूं. तें जो वाहतो तो धुरीण. परंतु व्याकरणानें मुलांचें समाधान होत नाहीं. त्यांस माणूस दाखवावा लागतो. म्हणून आम्हीं त्यास पीटर फातिआलोफा यांची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पॅसिफिक महासागरांत, न्यूझीलंडच्या ईशान्येस, सामोआ नांवाचीं बेटें आहेत. त्यांपैकीं पश्चिमेकडील बेटें १ जानेवारी १९६२ रोजीं न्यूझीलंडच्या अंमलांतून स्वतंत्र झालीं. १९९७ पर्यंत या राष्ट्राचें नांव पश्चिम सामोआ असें होतें. तेथें कुटुंब म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबाहूनही विस्तृत असा गोतावळा. त्यास 'आइंगा' म्हणतात आणि त्याच्या कर्त्यास 'मताई'. हें पद केवळ वडीलपणानें मिळत नाहीं. कुटुंब विचारविनिमय करून योग्य माणसास तें देतें. अधिकाराची वाट सेवेमधून जाते, अशी त्या लोकांत म्हण आहे.

पोटापाण्यासाठीं कित्येक सामोअन कुटुंबें न्यूझीलंडमध्यें गेलीं. १९५९ सालीं जन्मलेले फातिआलोफा हे ऑकलंड शहरीं राहत. त्यांचा धंदा होता एका घरांतून दुसऱ्या घरीं पियानो वाहून नेण्याचा. त्या काळीं रग्बी खेळून पैसा मिळत नसे. १९९५ पर्यंत हा खेळ हौशी खेळाडूंचाच होता.

या खेळांत दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी असून ते लंबगोल चेंडू हातीं घेऊन धावतात. 'स्क्रम' नांवाच्या प्रकारांत दोन्ही पक्षांचे आठ-आठ गडी खांद्यास खांदा भिडवून एकमेकांस रेटतात. पहिल्या रांगेंतील मधल्या गड्यास जे दोघे दोन अंगांनीं सांवरून धरतात, त्यांचें नांव 'प्रॉप', म्हणजे आपल्या भाषेंत टेकू. सगळा रेटा त्यांच्या मानेवर येतो. चेंडू घेऊन पळण्याचें आणि टाळ्या मिळविण्याचें भाग्य बहुधा इतरांचें. फातिआलोफा असे टेकू होते. आणि पश्चिम सामोआचे कर्णधारही तेच होते.

१९८७ सालीं रग्बीची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. शेजारच्या फिजी व टोंगा यांस आमंत्रण गेलें. सामोआस गेलें नाहीं. फेब्रुवारी १९९० मध्यें 'ओफा' नांवाच्या चक्रीवादळानें त्या बेटांची दैना केली. तरीही त्याच वर्षीं पात्रता-सामने जिंकून या संघानें पुढील स्पर्धेंत आपली जागा मिळविली.

६ ऑक्टोबर १९९१ रोजीं कार्डिफ येथें त्यांची गांठ वेल्सशीं पडली. वेल्समध्यें रग्बी म्हणजे लोकांचा जीव कीं प्राण! मध्यंतरास दोघांचे तीन-तीन गुण होते. अखेर पश्चिम सामोआनें १६-१३ असा विजय मिळविला. त्यांतील एक ट्राय वादग्रस्त ठरला, हेंही येथें सांगितलें पाहिजे. परंतु सुमारें १ लक्ष ६० हजार वस्तीच्या राष्ट्रानें हें केलें, याचें नवल कमी होत नाहीं. आपण सबंध सामोआशीं खेळत नव्हतों हेंच नशीब, अशी थट्टा मग वेल्समध्यें होऊं लागली.

पुढें ऑस्ट्रेलियानें त्यांस हरविलें, परंतु केवळ ९-३ असें. आणि तोच ऑस्ट्रेलिया त्या वर्षीं विश्वविजेता झाला. अर्जेंटिनास त्यांनीं ३५-१२ असें नमविलें. उपांत्यपूर्व सामन्यांत एडिंबरो येथें स्कॉटलंडनें २८-६ असा त्यांचा पराभव केला. हरल्यावर मान खालीं घालून निघून न जातां या संघानें मैदानास फेरी घालून प्रेक्षकांस वंदन केलें, आणि स्कॉटिश प्रेक्षकांनीं टाळ्यांनीं त्यांस निरोप दिला.

दोन महिने होण्यापूर्वींच, डिसेंबर १९९१ मध्यें, 'व्हाल' नांवाचें दुसरें वादळ त्या बेटांवर कोसळलें. सोळा गुणांनीं कोणाचें उडालेलें छप्पर परत येत नाहीं, हें आम्हांस कळतें. परंतु ज्या राष्ट्राचें नांव जगास बहुधा संकटाच्या वार्तेंतच ऐकूं येतें, त्याचें नांव त्या दोन वादळांच्या मध्यें एकदां आदरानें घेतलें गेलें. तें ओझें ज्यांनीं उचललें त्यांत पहिला खांदा एका हमाली करणाऱ्या माणसाचा होता. जड पियानो एकट्यानें उचलला जात नाहीं. आणि उचलणाऱ्यांपैकीं एकानें अंग काढून घेतलें तर भार इतरांवर पडतो. नायकपणाचा धडा याहून वेगळा तो कोणता?

१९९५ च्या स्पर्धेंत पॅट लॅम यांच्या नायकत्वाखालीं पश्चिम सामोआ पुन्हा शेवटच्या आठांत पोंचला. जूं दुसऱ्याच्या खांद्यावर गेलें, पण गाडा थांबला नाहीं. फातिआलोफा यांच्या नांवाआधीं 'पापालिईतेले' ही मताईची पदवी लागे. नोव्हेंबर २०१३ मध्यें, वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं, ते निवर्तले.

हकीकत ऐकून नातवानें त्या रात्रीं मुकाट्यानें आपलें ताट उचललें. मग त्यानें आमच्या ताटास हात घातला. आजवर तें कोण उचलीत होतें, असें त्यानें विचारलें नाहीं. आम्हांस मात्र तो प्रश्न पडला. आम्हीं त्याच्या हातून तें घेतलें आणि मोरीपर्यंत स्वतः नेऊन ठेवलें.