किती नंबरचा बावटा?

‘रत्नागिरी बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ अशी बातमी पावसाळ्यात आपण ऐकतो. त्या एका आकड्यावरून मिरकरवाड्यातील मच्छीमार होडी बाहेर काढायची की नाही, हे ठरवतात. आपल्या बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे इशारे ठरलेले आहेत. १ व २ दूरच्या वादळाचे, ३ व ४ स्थानिक सावधगिरीचे, ५ ते ७ धोक्याचे आणि ८ ते १० मोठ्या धोक्याचे. ११ चा अर्थ मात्र निराळा : इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला आहे!

संगणकांच्या जाळ्यातही अशीच सोय असते. संगणक एकमेकांना जोडणारे राउटर, स्विच आपल्या कामकाजाच्या नोंदी ‘सिसलॉग’ या पद्धतीने पाठवितात. प्रत्येक नोंदीला तीव्रतेचा क्रमांक असतो : ० आणीबाणी, १ तातडीची कृती हवी, २ गंभीर, ३ चूक, ४ इशारा, ५ दखल घेण्याजोगे, ६ माहिती, ७ दोष शोधण्यासाठी लागणारा बारीक तपशील. म्हणजे बावट्याच्या उलट, आकडा लहान तितका धोका मोठा.

कोणत्या क्रमांकापर्यंतच्या नोंदी ठेवायच्या, हे यंत्राला सांगावे लागते. ४ सांगितले, तर ० ते ४ च्या नोंदी राहतात, बाकीच्या गळतात. मग ७ च का सांगू नये? कारण मग नोंदींचा पूर येतो आणि महत्त्वाची नोंद त्यात बुडते. उलट, मर्यादा फार कडक ठेवली तरी फसगत होते. सिस्को कंपनीच्या यंत्रांत जोडणी तुटल्याची नोंद ३ क्रमांकाची, तर कोणी यंत्राची मांडणी बदलल्याची नोंद ५ क्रमांकाची असते. मर्यादा ४ असेल, तर तो बदल कळणारच नाही! म्हणून समोरच्या पडद्यावर ३ पर्यंतच्या आणि दूरच्या संगणकावर ६ पर्यंतच्या, अशा दोन मर्यादा ठेवता येतात.

आणखी एक गोष्ट. या नोंदी बहुधा पोचपावतीशिवाय जातात. तार तुटली तर नोंदी थांबतात, आणि सारे ठीक आहे असा भास होतो. शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे. ११ नंबरचा बावटा हेच सांगतो.

आता एक गणित. नोंदीच्या आरंभी १८७ सारखा आकडा असतो. त्याला ८ ने भागा. भागाकार २३ हा नोंद कोणत्या विभागाची ते सांगतो आणि बाकी ३ ही तीव्रता. मग १८९ आकड्याची नोंद चार क्रमांकाची मर्यादा ओलांडून येईल का?