ल्युपस आणि ऊन

ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराच्या रुग्णाला होणारा उन्हाचा त्रास कातडीपुरता नसतो. तासभर उन्हात गेला की गालांवर, नाकावर फुलपाखराच्या आकाराचे लाल चट्टे उठू शकतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्यानंतर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही सांधे धरतात, ताप येतो, अंगातलं त्राण जातं. तोवर ते ऊन सगळे विसरलेले असतात.

होतं असं: अतिनील किरणांनी त्वचेतल्या पेशी मरतात. एरवी शरीर त्यांची लगेच विल्हेवाट लावतं. ल्युपसमध्ये हे काम मंदावलेलं असतं. पेशीत दडलेली प्रथिनं आणि डीएनए उघडे पडतात, आणि स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं त्यांना चिकटतात. दाह भडकवणारं इंटरफेरॉन हे प्रथिन वाढतं. त्वचेत सुरू झालेला दाह मग सांध्यांपर्यंत, क्वचित मूत्रपिंडांपर्यंत पोचतो.

खिडकीची साधी काच अतिनील किरणांपैकी यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र आत येऊ देते. म्हणून एसटीत खिडकीशी बसणंही भोवू शकतं. दोन्ही किरण अडवणारं, किमान एसपीएफ ३०चं सनस्क्रीन बाहेर असताना दर दोन तासांनी लावावं. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि छत्री हवीच. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं, तेही तपासून घ्यावं.

ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात. घरात अशी कुणी असेल, तर तिच्या छत्रीला कृपा करून नखरे म्हणू नका. आणि तिची ल्युपसवरची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.