धावत्या गाडीचे छायाचित्र आणि बेताचा कॅमेरा

गेल्या उन्हाळ्यात छत्रीबागेतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांना घेऊन आमच्याकडे आला. मुलगा बारावी झालेला. वडील मोटार दुरुस्तीच्या कामावर. मुलाला मोटारसायकलच्या शर्यतींची छायाचित्रे काढण्याचा नाद, आणि पुढे त्यावरच पोट भरावे असा त्याचा मानस. त्यासाठी अगदी नवा, भारी किमतीचा कॅमेरा हप्त्याने घ्यावयाचा होता. आईने पाटल्या मोडण्याची तयारी दाखविली होती, आणि हप्त्यांना ट्रस्टच्या एखाद्या सभासदाने जामीन राहावे, अशी वडिलांची विनंती होती. आम्ही त्यांना आठ दिवस थांबावयास सांगितले. त्यानंतर त्यांस जे सांगितले तेच येथे थोडक्यात देत आहोत. कारण हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्याही घरी निघण्याजोगा आहे.

वेगवान वाहनांचा शौक इंदूरला नवा नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३५ सालची ड्यूझेनबर्ग मोटार आजही जाणकारांत नावाजलेली आहे. पिथमपुरास वाहनचाचणीचे राष्ट्रीय केंद्र असून तेथील ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. नाशिकला मोटारींच्या रॅली झाल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस शर्यत झाली. हे सारे पाहणाऱ्या तरुणाला ते चित्रात धरावेसे वाटले तर नवल नाही. प्रश्न इतकाच, की पैसा कशासाठी मोजावा?

प्रथम थोडे गणित करू. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात गाडी अडीच सेंटिमीटर सरकते. साठावा भाग उघडे राहिले तर जवळजवळ ४२ सेंटिमीटर. म्हणून चित्र पुसट येते. परंतु हजाराव्या भागाचे शटर आज साध्या कॅमेऱ्यातही असते. त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागत नाहीत.

पैसे लागतात ते तीन गोष्टींसाठी: दूरचे जवळ आणणारी लेन्स, धावत्या वस्तूवर सतत फोकस धरून ठेवण्याची शक्ती, आणि एका सेकंदात अनेक चित्रे घेण्याची चपळाई. यांत पहिला मान लेन्सचा. प्रेक्षकाला कठड्याबाहेर, मार्गापासून दूर उभे राहावे लागते. मोबाइलने तेथून काढलेल्या चित्रात मोटारसायकल मुंगीएवढी दिसते. ७० ते ३०० मिलिमीटरची लेन्स मध्यम आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्याला लावली, तर तिची पोच सुमारे ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतकी होते. नवशिक्यास तेवढी पुष्कळ झाली. मात्र अशा स्वस्त लेन्सला उजेड भरपूर लागतो. दिव्यांच्या उजेडातील शर्यतीत ती कमी पडते, हे आधीच समजून घ्यावे.

आता कॅमेरा. नवे मिररलेस कॅमेरे वाहन ओळखून आपोआप त्यावर फोकस ठेवतात, हे खरे. परंतु त्यांच्यामुळेच अनेक व्यावसायिकांनी आपले जुने आरशाचे कॅमेरे विकावयास काढले आहेत, आणि गरजवंताचा फायदा तेथेच आहे. २००९ सालचा कॅनन ७डी सेकंदाला ८ चित्रे घेतो, २०१४ चा ७डी मार्क दोन १० घेतो, आणि २०१५ चा निकॉन डी७२०० सहा घेतो. वर्तमानपत्रात छापण्यास ह्यांची चित्रे उत्तम चालतात. निकॉनच्या डी३००० व डी५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत मात्र फोकसची मोटर नसते. त्यांना मोटर नसलेली जुनी स्वस्त लेन्स लावली तर फोकस हातानेच फिरवावा लागतो.

जुना माल पारखून घ्यावा. आम्ही स्वतः एकदा तिन्हीसांजेला घाईने एक लेन्स घेतली. घरी येऊन बॅटरीच्या प्रकाशात पाहिली तो आत बुरशीचे जाळे! पैसे गेले ते गेलेच. म्हणून लेन्समधून बॅटरीचा झोत आरपार टाकून पाहावा. छिद्र लहान करून, म्हणजे एफ १६ वर, पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे, म्हणजे संवेदकावरील डाग उमटतात. शटर आजवर किती वेळा चालले तो आकडा विचारावा. ७डीचे शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेले असते. शेवटी दुकानाबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरींवर फोकस टिकतो का, ते पाहावे.

एवढे झाले तरी चित्र हातानेच साधते. हजाराव्या भागाने काढलेली मोटारसायकल पुष्कळदा उभी करून ठेवल्यासारखी दिसते. वेग दाखवावयाचा तर शटर १/१२५ वर ठेवावे आणि गाडीबरोबर कमरेतून कॅमेरा फिरवीत, मध्येच बटण दाबावे, पण फिरविणे थांबवू नये. गाडी स्पष्ट येते, चाके फिरताना दिसतात आणि मागची गर्दी रेषारेषांत विरते. एका फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत जॅक आंरी लार्तिग ह्या तरुणाने असाच कॅमेरा फिरविला. त्याच्या शटरची फट प्लेटवरून हळू सरकत असल्याने मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आणि प्रेक्षक उलट बाजूस कलले. ते चित्र आज जगप्रसिद्ध आहे. मोबाइलच्या चित्रात धावती चाके तिरकी दिसतात, त्याचेही कारण तेच.

एक इशारा मात्र विसरू नये. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभे राहू नये. सुटलेली गाडी तिकडेच येते. कठडा ओलांडू नये, आणि स्वाराच्या डोळ्यांवर फ्लॅश टाकू नये.

त्या मुलाने शेवटी जुना कॅमेरा व जुनी लेन्स रोखीने घेतली. जामिनाची गरज पडली नाही, आणि आईच्या पाटल्या हातातच राहिल्या. महिनाभर तो रोज सकाळी रस्त्याकडेला उभा राहून जाणाऱ्या बसगाड्यांवर हात बसवीत होता. पहिल्या शंभर चित्रांत चार बरी निघाली. ती त्याने आम्हांस दाखविली, आणि उरलेली शहाण्णव का फसली हेही सांगितले. दुसरी गोष्ट ऐकून आम्हांस अधिक समाधान वाटले.

ट्रस्टच्या वाचनालयात पुस्तकांप्रमाणेच असा एक कॅमेरा ठेवून तो होतकरू मुलांना पाळीपाळीने द्यावा, अशी आमची सूचना आहे. घरातले सोने मोडण्यापूर्वी मुलाचा नाद खरा आहे की चार दिवसांचा, हे त्यास स्वतःलाच कळेल.