आंब्याच्या कलमाचा खुंट

'खाण तशी माती' ही म्हण आंब्यास लागू पडत नाहीं. उत्तम हापुसाची कोय मोठ्या आशेनें पेरावी, कित्येक वर्षें वाट पाहावी, आणि फळ मात्र निराळेंच निघावें, असा अनुभव कोंकणांत पुष्कळांस येतो. कारण, कोयींतील अंकुरांत दुसऱ्या झाडाच्या परागाचे गुणही उतरलेले असतात. म्हणून जात शुद्ध राखण्यास कलम बांधावें लागतें. त्यांत वरची काडी हापुसाची. खालचा मुळांचा भाग तो खुंट.

फळ कोणतें लागेल हें काडी ठरविते. परंतु झाडाचा जोम व उंची यांत खुंटाचाही वाटा असतो. विकत घेणारा मात्र पानें पाहतो, खुंटाची चौकशी करीत नाहीं!

कोंकणांत खुंटासाठीं बहुधा रायवळ आंब्याच्या कोयी घेतात. कोय निरोगी झाडाच्या पक्व फळाची व ताजी असावी; साठविलेल्या कोयीची उगवणशक्ति थोड्याच आठवड्यांत नाहींशी होते. कोयकलमासाठीं पावसाळ्यांत सुमारें दोन आठवड्यांचें, तांबूस पानांचें सरळ रोप निवडावें. त्याची जाडी काडीएवढी असावी. नाहींतर सालीस साल मिळत नाहीं व सांधा कच्चा राहतो.

रायवळाचें प्रत्येक रोप भिन्न स्वभावाचें असल्यामुळें एकाच बागेंतील कलमें कमी-अधिक वाढतात. दक्षिणेकडील ओलूर, वेल्लईकोलंबन इत्यादि जातींच्या एका कोयींतून अनेक रोपें निघतात, व त्यांतील बहुतेक आईसारखींच असतात. त्यामुळें खुंट एकसारखे मिळतात. वेल्लईकोलंबनाच्या खुंटावर हापूस ठेंगणा राहतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. खारट व चुनखडीच्या जमिनीसाठीं इस्राएल देशांत '१३-१' नांवाचा खुंट निवडण्यांत आला. तात्पर्य, जमीन कशी व जागा किती, हें पाहून खुंट ठरवावा.

लागवडीनंतरही खुंटास विसरूं नये. सांधा मातीच्या वर ठेवावा, आणि त्याच्या खालून फुटवा निघाल्यास तो तत्काळ खुडावा. दुर्लक्ष झाल्यास रायवळ जोर धरतो, हापुसाची फांदी सुकते, आणि वर्षांनुवर्षांच्या श्रमानंतर दारांत रायवळच उभा राहतो.

विद्यार्थी मित्रहो, येत्या पावसाळ्यांत वडील कलम आणावयास निघतील, तेव्हां त्यांच्याबरोबर जा, आणि पानांकडे पाहण्यापूर्वीं खालीं वांकून सांधा पाहा. जें दिसत नाहीं, त्याच्याच बळावर दिसणारें उभें असतें.