आधी खुलासा, मग खरडपट्टी

तळोज्याच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर झालो, तेव्हा दरारा म्हणजे मोठा आवाज अशी माझी समजूत होती. पेणहून एस.टी.ने येणाऱ्या एका वयस्कर फिटरकाकांना उशिराबद्दल मी सर्वांदेखत खडसावले. ते गप्प राहिले. घरी पत्नी अंथरुणाला खिळल्याचे मला आठवड्याने कळले.

१९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायद्याखालील आदर्श आदेशांत एक दंडक होता: बडतर्फ करण्यापूर्वी आरोप लेखी कळवावा आणि कामगाराला खुलाशाची संधी द्यावी. नोकरी घेताना जर आधी ऐकावे लागते, तर अब्रू घेताना का नको?

आता मी माणसाला बाजूला बोलावतो. ‘तुम्ही नेहमीच उशिरा येता’ असे म्हणत नाही; ‘सोमवारी वीस मिनिटे, गुरुवारी अर्धा तास’ असे सांगतो. मग गप्प बसतो. हे गप्प बसणेच महाकठीण! (आमच्या वरिष्ठांना तो वेळेचा अपव्यय वाटतो.) उशीर माफ होतोच असे नाही, कधी पाळी बदलून देता येते, कधी मेमोच द्यावा लागतो.

काकांची क्षमा मात्र मी सर्वांदेखतच मागितली. ते म्हणाले, “असू द्या साहेब, तो पाना द्या इकडे.”