दात काय सांगतात?

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, नीरा नदीच्या खोऱ्यात आमचे कळंब गाव वसले आहे. उसाचा हंगाम सुरू झाला, की येथील मुलांना कोयता येईपर्यंत धीर निघत नाही. बांधावर बसावे, उसाचे कांडे तोंडाला लावावे, दातांनी साल सोलावी आणि रस चोखावा, यातच त्यांना धन्यता वाटते. मुलांनो, ज्या दातांच्या बळावर हे साधते, ते दात कसे घडतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

हिरडीबाहेर दिसतो तो दाताचा माथा आणि जबड्याच्या हाडात रुतलेले असते ते मूळ. माथ्यावर दंतवल्क, म्हणजेच एनॅमल, नावाचे पांढरे आवरण असते. आपल्या सबंध शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. त्याखाली दंतिनाचा थर असतो आणि अगदी आत मऊ गर असतो. या गरात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. म्हणूनच कीड तेथवर पोहोचली, की मनुष्य रात्र रात्र तळमळतो.

दुधाचे दात २० असतात. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात दिसतो आणि अडीच वर्षांपर्यंत सर्व दात येतात. सहाव्या वर्षापासून कायमचे दात येऊ लागतात. ते एकूण ३२ : पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८ व दाढा १२. तुमच्या वयाला दुधाचे शेवटचे दात पडत असतात आणि दुसऱ्या दाढा येत असतात. अक्कलदाढांना मात्र सतराव्या वर्षानंतरच जाग येते. काहींना तर त्या मुळीच येत नाहीत.

दात दिसू लागतो तो एका दिवशी. पण त्याची घडण कितीतरी आधीपासून चाललेली असते. बाळ आईच्या उदरात असतानाच दुधाच्या दातांवर दंतवल्क चढू लागते. पुढच्या कायमच्या दातांचे काम जन्मानंतर काही महिन्यांतच हिरडीच्या आत सुरू होते आणि चार-पाच वर्षे चालते. गवंडी भिंतीवर गिलाव्याचे थर चढवितो, त्याप्रमाणे सूक्ष्म पेशी टोकापासून हिरडीकडे थरावर थर चढवीत जातात. मध्येच मुलाला कडक ताप आला किंवा दीर्घकाळ उपासमार झाली, तर हे काम मंदावते. त्या काळातला थर पातळ राहतो आणि दातावर आडवी खाच किंवा खळगे उमटतात. दात बाहेर येईपर्यंत या पेशी नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे मोडलेले हाड सांधते, तसे दंतवल्क पुन्हा भरून येत नाही.

मी शिक्षक असताना माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या पुढच्या दातांवर मधोमध आडव्या खाचा होत्या. मुले त्याला ‘करवत्या’ म्हणून चिडवीत. हळूहळू तो तोंडावर हात ठेवून बोलू लागला आणि पुढे त्याने हसणेच सोडले. मलाही वाटले, की हा दात घासत नसावा. आणि एके दिवशी मी त्याला तसे सर्वांदेखत बोललो. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. ती म्हणाली, “गुरुजी, हा दोन वर्षांचा असताना याला गोवर निघाला होता. ताप हटेना, पोटात अन्न ठरेना. हा जगला हेच आमचे भाग्य. पुढे दात आले ते असेच आले.” मी निरुत्तर झालो. त्या खाचा आळसाच्या नव्हत्या. एका मोठ्या आजारातून तो तरून आला, याची ती खूण होती. मी वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली आणि दात कसे घडतात, हे त्या दिवशी मुलांना समजावून सांगितले.

अशा खुणा हजारो वर्षे टिकतात. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. ते लोक मृत बालकांना दोन मडकी तोंडाशी तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. डॉ. सुभाष वाळिंबे व अमेरिकन संशोधक जॉन ल्यूकाच यांनी या बालकांचे दात अभ्यासले. काहींच्या दुधाच्या सुळ्यांवर त्यांना लहान खळगे आढळले. माता व बालक यांना पुरेसे पोषण न मिळणे, याच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. त्या बालकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांना सोसावे लागलेले हाल दातांनी जपून ठेवले आहेत.

दातांच्या घडणीत आणखीही वेगळेपण आढळते. कोणाला वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये एखादा जादा दात येतो. कोणाचे दोन दात जुळलेले असतात. कोणाचा एखादा दात येतच नाही. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते. दात घडत असताना ते पाणी नित्य पोटात गेले, तर दातांवर पांढरे वा तपकिरी डाग पडतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. वरचे दात आधी आले तर मामाला अशुभ, असेही काही लोक मानतात. बिचारा मामा! भाच्याच्या दातांचा आणि त्याच्या दैवाचा काय संबंध?

मुलांनो, आपले दात दोन वेळा घासा. ऊस खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा. दातांत काही वेगळे दिसले, तर ते दंतवैद्याला दाखवा. अशा खाचा आज त्याला भरता येतात. आणि कोणाचे दात निराळे दिसले, तर हसण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या दातांमागची हकीकत तुम्हांला ठाऊक नसते.