चौकातला पुतळा आणि गोंदूरच्या सुतारांचे ब्राँझ

या पानावर मी एरवी तुडतुडा, खोडकिडा आणि युरियाच्या मात्रेबद्दलच लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो काढला तुमच्यातल्याच एकाने.

गोसीखुर्द धरणाच्या बाजूला एका पुनर्वसित गावात धानाच्या बीजप्रक्रियेची सभा होती. सभा संपली, चहा आला आणि खरी चर्चा तेव्हा सुरू झाली. गावच्या चौकात पुतळा बसवायचा होता. एक अंदाजपत्रक फायबरचे, दुसरे ब्राँझचे. दोन्हींच्या रकमेत जमीन-अस्मानाचे अंतर. सरपंच म्हणाले, "साहेब, ब्राँझ म्हणजे पितळच ना? मग एवढे पैसे कशाचे?" मला तेव्हा नीट सांगता आले नाही. नंतर वाचले, विचारले, ते इथे मांडतो.

आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. पाण्याचा पितळी गुंड अजूनही कितीतरी घरांत आहे. पण पितळ वेगळे, ब्राँझ वेगळे. तांब्यात जस्त मिसळले की पितळ, कथील मिसळले की ब्राँझ. ब्राँझचे सख्खे भावंड म्हणजे कासे. तळपायाला तेल लावून जी काशाची वाटी घासतो, ती त्याच घराण्यातली. पुतळ्यासाठी बहुधा 100 किलोत 85 किलो तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी 5 किलो असे मिश्रण घेतात. ऊन-पावसात ते गंजून झडत नाही. वर हिरवट-काळसर थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूला राखतो.

आता माणसाची गोष्ट. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर या खेड्यात, सुतारकाम करणाऱ्या घरात, 19 फेब्रुवारी 1925 ला राम सुतार जन्मले. श्रीराम कृष्ण जोशी या चित्रकलेच्या गुरुजींनी पोराचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. तिथे 1953 मध्ये मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे 1954 ते 1958 पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या मूर्तींची डागडुजी हे त्यांचे काम. 1959 पासून मात्र नोकरी सोडून स्वतंत्र शिल्पकार झाले. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ बसलेले 16 फुटी गांधीजी (1993) त्यांचेच. नर्मदेवरचा सरदार पटेलांचा 182 मीटरचा पुतळा (2018) त्यांच्याच आराखड्यावरचा. त्या पुतळ्यासाठी गावागावांतून जुनी लोखंडी अवजारे मागवली होती, हे तुम्हाला आठवत असेल. 17 डिसेंबर 2025 ला, वयाची शंभरी ओलांडून, ते नोएडात वारले.

त्यांचे पहिले नावाजलेले मोठे काम धरणावरचेच, म्हणून आपण ते जरा थांबून पाहावे. चंबळ नदीवर मध्य प्रदेशात गांधीसागर धरण आहे, 1960 मध्ये पूर्ण झालेले. तिथे त्यांनी 45 फुटी चंबळ माता केली. शेजारी दोन लेकरे, एक मध्य प्रदेश, दुसरे राजस्थान. हे काम ब्राँझचे नव्हे, काँक्रीट कोरून केलेले. ते पाहून पंडित नेहरूंनी भाक्रा धरणाच्या मजुरांचे 50 फुटी ब्राँझ स्मारक करण्याचे त्यांच्याकडे सोपवले होते. निधीअभावी ते राहून गेले. नदीचे झाले, मजुरांचे राहिले. गोसीखुर्द पाहायला येणारा पाहुणाही 33 दरवाजे मोजून जातो. बुडालेली गावे किती, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

असो. पैसे कशाचे, या प्रश्नाकडे येऊ. शिल्पकार आधी लोखंडी सांगाड्यावर मातीत पुतळा घडवतो. त्यावरून साचा काढतात. साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर देतात. मेणाच्या त्या पोकळ पुतळ्याला आतून-बाहेरून विटांचा भुगा आणि प्लॅस्टर यांचे जाड कवच चढवून ते भट्टीत भाजतात. मेण वितळून निघून जाते आणि राहिलेल्या पोकळीत हजार अंशांच्या वर तापवलेला रस ओततात. थंड झाले की कवच फोडायचे. म्हणजे प्रत्येक नगाला मेण नवे, कवच नवे, भट्टी नवी. मोठा पुतळा तुकड्यांत ओतून जोडतात. नंतर घासणी आणि रंग धरवणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम. फायबरला यातले फार थोडे लागते.

छोट्या ब्राँझ शिल्पांत आणखी एक रीत आहे, तिला मर्यादित आवृत्ती म्हणतात. शिल्पकार आधीच ठरवतो की या साच्यातून इतकेच नग निघतील, आणि प्रत्येकावर क्रमांक कोरतो. 3/8 म्हणजे आठांपैकी तिसरा. फ्रान्समध्ये तर नियमच आहे: 8 क्रमांकित आणि 4 कलावंताच्या स्वतःच्या प्रती, एकूण 12. तेराव्याला अस्सल म्हणता येत नाही. हे आपल्याला समजायला जड नाही. पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे आणि मग निळ्या टॅगचे प्रमाणित बियाणे, अशी आपली साखळी आहे ना? त्या टॅगवरच्या लॉट क्रमांकाला जे मोल, तेच या कोरलेल्या आकड्याला. तयार ब्राँझवरून कुणी गुपचूप नवा साचा काढला, तर धातू आकसल्यामुळे नक्कल थोडी लहान निघते आणि नाक-डोळे बोथट होतात. घरचेच संकरित धान पुन्हा पेरल्यासारखे. पण सुतारांचे मोठेपण निव्वळ क्रमांकात नव्हते, हेही सांगायला हवे. त्यांचा गांधीजींचा अर्धपुतळा भारत सरकारने रशिया, इंग्लंड, फ्रान्स, अर्जेंटिना अशा किती तरी देशांना दिला. तो जितका पसरला, तितका थोर झाला.

आता सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठी. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. मान्यता मिळेपर्यंत आगाऊ रक्कम मोकळी करू नका. करारात धातूचे मिश्रण, जाडी आणि वजन लिहून घ्या. पुतळा आला की वजन करा आणि धातूचा तपासणी दाखला मागा. फायबरवर ब्राँझचा रंग मारला तर लांबून ओळखू येत नाही. टिचकी मारली की कळते, धातू घुमतो, फायबर थप्प वाजते. चुंबकाने मात्र परीक्षा होत नाही, तो ब्राँझलाही चिकटत नाही. आतला सांगाडा आणि चौथरा अभियंत्याकडून तपासून घ्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा 35 फुटी पुतळा बसवल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, 26 ऑगस्ट 2024 ला, कोसळला. त्या जागी मे 2025 मध्ये जो नवा 60 फुटी उभा राहिला, तो सुतारांच्याच कार्यशाळेतला.

पैसे कमी असतील तर फायबर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण फायबर म्हणून घ्यावे, ब्राँझ म्हणून नव्हे. किंवा पूर्ण पुतळ्याऐवजी ब्राँझचा अर्धपुतळा करता येतो, धातू खूपच कमी लागतो. त्या गावाने सध्या विषय पुढच्या ग्रामसभेवर ठेवला आहे. पऱ्हे टाकायचे दिवस जवळ आले, तेव्हा मिठाच्या पाण्यात बियाणे कसे निवडायचे ते पुढच्या आठवड्यात पाहू.